पोचलं का?

सहा वाजून बत्तीस मिनिटं. डोंबिवली पूर्वेच्या बाजूनं पुलाचा जिना चढते आहे. वर आकाश अजून काळं आहे, पुलावर मात्र दिवस केव्हाच सुरू झालाय. जिन्याच्या तोंडाशी गजरेवाली बसली आहे. तिच्या टोपलीपाशी गर्दी दुभंगते आणि टोपली ओलांडून पुन्हा एक होते. कुणीही खाली पाहत नाही, तरी टोपलीला धक्का लागत नाही.

पुलावरून डाउन प्लॅटफॉर्मचा इंडिकेटर दिसतो. त्यावर ‘एस’ लागलाय, म्हणजे कर्जत. थोड्या वेळानं ‘एन’ लागेल, म्हणजे कसारा. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. दिशांची इंग्रजी आद्याक्षरं गाड्यांना चिकटली ती चिकटलीच. त्याच पाटीवर शेजारच्या घरात एस उमटला तर त्याचा अर्थ मात्र ‘स्लो’. चिन्ह आणि अर्थ यांची गाठ निसर्गानं बांधलेली नसते, ती लोकांनी ठरवलेली असते, हे सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं वर्गात गळी उतरवायला मला अर्धा तास लागतो. इथं माणसं धावता धावता मान वर करतात आणि बरोबर जिन्यानं खाली उतरतात.

मी ठाण्याला निघाले आहे. आठवड्यातून दोन सकाळी तिथल्या एका कॉलेजात शिकवते. त्याआधी पंचवीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. विषय ‘पत्रकारितेची ओळख’, वर्ग पहिल्या वर्षाचा. पदवीचं नाव इतकं लांब आहे की मुलांच्या आज्यांना ते अजून सांगता येत नाही. मुंबई विद्यापीठानं २००० च्या सुमारास बॅचलर ऑफ मास मीडिया, म्हणजे बीएमएम सुरू केलं. ते लोकांच्या तोंडी बसतंय न बसतंय तोवर २०१९ मध्ये त्याचं बीएएमएमसी झालं. घरी कुणी विचारलंच तर मुलं अजूनही “मास मीडिया” म्हणतात. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे टीव्हीवर दिसणार का तू?”

टिटवाळा फास्ट येते. लेडीज डबा कुठं थांबतो ते पायांना ठाऊक आहे. चढते, म्हणजे मागच्या बायका मला चढवतात.

आत बोलणं चाललंय ते असं:

“कुठं?”

“घाटकोपर.”

“तुम्ही?”

“ठाणे. पण दिलीय.”

‘दिलीय’ म्हणजे सीट दिली आहे. ठाण्याला उठणाऱ्या बाईची जागा कुणीतरी आधीच्या स्टेशनात मागून ठेवली आहे आणि तिनं हो म्हटलं आहे. पावती नाही, साक्षीदार नाही, तरी हा करार मोडलेला मी क्वचितच पाहिलाय.

खिडकीपासून तिसऱ्या जागेवर माझी विद्यार्थिनी बसली आहे. मी माझ्या मुलांना स्टेशनांनी ओळखते. हजेरीपटावर त्यांची नावं आहेत, पण उशिरा आलेल्या मुलानं दारातून “मॅम, गाडी” एवढंच म्हटलं की कुठली गाडी ते कळावं लागतं. म्हणून ही टिटवाळा. हिच्या मांडीवर नोट्स उघड्या आहेत आणि ती डोळे मिटून ओठ हलवते आहे. डोळे उघडते, मला पाहते, धडपडत उठायला लागते.

“मॅम, बसा ना.”

“ए बाळा,” समोर उभी असलेली बाई शांतपणे म्हणते, “ती सीट माझी आहे. शहाडला मागितलीय मी.”

टिटवाळा अर्धी उठलेली, अर्धी बसलेली. जागा तिची आहे, पण द्यायचा अधिकार तिच्याकडे उरलेला नाही.

“त्यांचं बरोबर आहे,” मी म्हणते. “बस. पाठ करते आहेस ते काय?”

“नॉइज, मॅम. नॉइजचे प्रकार.”

ती वही पुढं करते. पानं हलवायला हात हवा, माझे दोन्ही हात कड्याला आहेत. एका अनोळखी बाईची वेणी माझ्या गालाला लागते आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ च्या पुस्तकात माणसाभोवतीची अंतरं मोजली. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत आपण फक्त अगदी जवळच्या माणसाला येऊ देतो, असं त्याला आढळलं. त्या पट्टीनं या डब्यातल्या आम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी. बोलणं मात्र एकेका शब्दाचं. कुठं? ठाणे. दिलीय.

कोपर जातं, दिवा जातं. मुंब्र्याच्या वळणावर डबा एका अंगाला कलतो. दारातल्या दोघी-तिघी न बोलता दांडा घट्ट धरतात. एकीनं पाठीवरची सॅक पोटाशी घेतली आहे. समोरून एक गाडी येते आणि तिच्या वाऱ्यानं सगळ्यांच्या ओढण्या एकाच दिशेला उडतात. गाडी निघून जाते. कुणीतरी हातातला मोबाइल वर करून दोन शब्द टाइप करते.

ठाणं आलं. टिटवाळा उठते, शहाडची बाई बसते, आणि बसता बसता तिसरीला विचारते, “तुम्हाला कुठं?”

*

साडेसातचा तास. नौपाड्यातल्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, त्यांचं ड्रिल सातलाच सुरू होतं. आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. मी फळ्यावर डावीकडे एक चौकोन काढते, उजवीकडे एक, मधून बाण. क्लॉड शॅनननं १९४८ साली मांडलेली आकृती. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला गणितज्ञ तो. त्याला बोलण्याच्या अर्थाशी कर्तव्य नव्हतं. तारेच्या या टोकाला जे घातलं ते त्या टोकाला जसंच्या तसं निघतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं. बाणावर वरून येऊन पडणारी तिरकी रेघ म्हणजे नॉइज.

“नॉइजचं उदाहरण?”

अंबरनाथ बोट खिडकीकडे दाखवते. बाहेर ड्रिल. वर्ग हसतो.

“आणि ‘पोचणं’ याला इंग्रजीत काय म्हणाल?”

“रीच,” दोघं-तिघं म्हणतात. “रिसीव्ह,” एक. “अराइव्ह,” आणखी एक.

मी फळ्याच्या मधोमध ‘पोच’ लिहिते आणि खडू कळव्याच्या हातात देते. कळवा हा मागच्या बाकावरचा, हजरजबाबी. “या शब्दापासून जे जे बनतं ते लिही. वर्ग सांगेल.”

आधी शांतता. मग बदलापूर म्हणते, “पोचपावती.” खडू चालायला लागतो. “पोच देणे.” “घरपोच.” “पोचवायला जाणे.” “माझी आजी म्हणते, त्याची पोच तेवढीच.” “पोचलेला माणूस!” कळवा स्वतःच ओरडतो आणि स्वतःकडे बोट करतो.

फळा भरतो. पत्राला पोच असते, गाडी पोचते, बोलणं पोचतं, माणसाच्या समजेलाही पोच असते, आणि लबाड माणूस पोचलेला असतो. त्या अमेरिकन गणितज्ञाला अर्थ बाजूला ठेवावा लागला. आमच्या शब्दात गाडीही आहे आणि अर्थही आहे.

“मॅम, हे परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील का?” अंबरनाथ विचारते.

प्रश्न खरा आहे. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे. रुइया, साठ्येसारख्या कॉलेजांत हा अभ्यासक्रम मराठीतूनही शिकवला गेला, पण या वर्गात पुस्तकं इंग्रजी, घरी मराठी, इन्स्टाग्रामवर हिंदी. मी तिला सांगते की उदाहरण मराठी दे, वाक्य इंग्रजी ठेव. ती मान हलवते, पण लिहून घेत नाही.

आज सहा जानेवारी. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. बाळशास्त्री तेव्हा विशीच्या आसपास होते. “म्हणजे तुमच्याहून दोनेक वर्षांनी मोठे,” मी सांगते. “आणि त्यांच्या पानावर दोन स्तंभ होते. एक इंग्रजी, एक मराठी. शेजारी शेजारी.”

“दोन्ही तेच लिहायचे?” बदलापूरला प्रश्न पडतो. तिला अनुवादाची गोडी आहे.

“मजकूर तोच. वाचणारे वेगळे.”

ठाण्याला ही हवा फार लांबून आली नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी चौतीस किलोमीटर चालून इथंच थांबली. पुढच्या वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. आणि १८६६ मध्ये ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे वर्तमानपत्र निघू लागलं. गाडी आली, तिच्यामागून बातमी आली. हे मी मुलांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी चार जणं पेंगतात. पहाटे पाचला उठून बदलापूर-टिटवाळ्याहून आलेल्या मुलाला साडेआठला १८६६ साल डोळे उघडे ठेवून ऐकता येत नाही. मी रागावत नाही.

“आता कॉप्या वाचा.”

मागच्या आठवड्यात काम दिलं होतं, ‘तुमच्या लाइनवरची एक बातमी, पाच ओळींत.’ कुणी मेगाब्लॉक लिहिलाय, कुणी सरकता जिना बंद असल्याचं. दिवा उभा राहतो. उंच, बारीक, वर्गात फारसा न बोलणारा. कागद दोन्ही हातांत धरून वाचतो:

“९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकानजीक घडलेल्या दुर्घटनेत लोकलमधून लोंबकळत प्रवास करणाऱ्या काही प्रवाशांना आपला जीव गमवावा लागला.”

“‘दुर्दैवी’ राहिलं,” कळवा मागून म्हणतो. थोडे हसतात. दिवा हसत नाही.

घटना सगळ्यांना ठाऊक आहे. समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकल, तेच वळण, आणि दारांत उभी असलेली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. त्याच दिवशी रेल्वेनं नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं.

“‘गमवावा लागला’ म्हणजे काय रे?” मी विचारते. “घालवायचा नव्हता, पण कुणी भाग पाडलं?”

“बातमीत असंच लिहितात, मॅम.”

“हो. मीच लिहायचे.”

हे खरं आहे. रात्री साडेअकराला एजन्सीच्या तारेवर ‘लॉस्ट देअर लाइव्हज’ यायचं. पान सोडायला वीस मिनिटं उरलेली. ‘मेले’ लिहिलं तर उद्धट वाटायचं, ‘मृत्युमुखी पडले’ लिहिलं तर जड वाटायचं. मग बोटं आपोआप ‘जीव गमवावा लागला’ लिहायची. पंचवीस वर्षांत किती जणांना मी असा जीव गमवायला लावला, त्याचा हिशेब नाही. इंग्रजीतला एक सवयीचा शब्द मराठीत आला आणि येताना त्यानं ‘लागला’ची सक्ती बरोबर आणली. ती कुणाची, हे मात्र वाक्यात कधीच आलं नाही.

“आणि ‘लोंबकळत’?” मी दिव्याला विचारते. “तू रोज दिव्याला चढतोस. कुठं उभा राहतोस?”

“दारात.”

“लोंबकळतोस?”

“आत जागाच नसते मॅम. गाडी कल्याण-डोंबिवलीलाच भरून येते. लोंबकळायची हौस कुणाला आहे?”

“मग हा शब्द कुणाचा आहे?”

तो कागदाकडे बघतो. ड्रिल थांबलंय, की मला ऐकू येत नाहीये, कळत नाही.

रॉबर्ट एन्टमन या अभ्यासकानं १९९३ साली बातमीच्या चौकटीबद्दल लिहिलं. काय उचलायचं आणि काय ठळक करायचं, यातच दोष कुणाचा हे ठरून जातं, असं त्याचं सांगणं. मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते: ‘लोंबकळणारे प्रवासी’, ‘दारात उभे असलेले प्रवासी’, ‘दारातून आत जाता न आलेले प्रवासी’. माणसं तीच, गाडी तीच. पहिल्या ओळीत चूक त्यांची आहे. तिसऱ्या ओळीत नाही.

“मी त्या दिवशी याच लाइनवर होतो,” दिवा एकदम म्हणतो. “बारावीचा निकाल लागला होता, ॲडमिशनसाठी निघालेलो. आमची गाडी मध्येच थांबली. फोन सॅकमध्ये, सॅक पायाशी, आणि वाकायला जागा नाही. ठाण्याला उतरून बघितलं तर आईचे एकोणीस मिस्ड कॉल. आणि एक मेसेज. पोचलास का.”

फळ्यावर ‘पोच’ अजून तसाच आहे. कुणी तिकडे बोट दाखवत नाही.

“मग काय लिहिलंस?” टिटवाळा विचारते.

“हो.”

थोड्या वेळानं तो म्हणतो, “मॅम, मग चूक रेल्वेची असं लिहू?”

“ते तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मग तेही लिहू नकोस. काय झालं, कुणी पाहिलं, कुणी काय सांगितलं, ते लिही. जे ठाऊक नाही त्याला क्रियापदात लपवू नकोस, एवढंच.”

तो बसतो. कागदावर एक आडवी रेघ मारतो, नंतर आणखी एक. नऊला घंटा होते तेव्हा त्याच्या पाच ओळींतली दीड ओळ उरली आहे.

जाता जाता मी सहज विचारते, तिसऱ्या वर्षी पत्रकारिता आणि जाहिरात यांतलं एक निवडावं लागतं, पत्रकारिता कोण घेणार? सात हात. जाहिरातीला बाकीचे सगळे. कळव्याचे दोन्ही हात वर आहेत.

“मॅम, पगार,” तो समजावतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मला माझा पहिला पगार आठवतोय.

*

अडीच वाजता सॅटिसच्या पुलाखाली. स्टेशनात चित्रण करायला परवानगी लागते, म्हणून ठाणे पश्चिमेच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेशेजारी उभ्या आहोत. वर पुलावरून बसेस जातात, खाली सगळा आवाज कोंडतो. टिटवाळ्याच्या हातात लाल स्पंजचा माइक, बदलापूर मोबाइलवर चित्रण करते आहे. प्रश्न एकच ठरवलाय, “लोकलची दारं आपोआप बंद व्हायला लागली तर चालेल का?”

पहिली बाई माइक पाहून हातानंच नको म्हणते. दुसरा माणूस चालता चालता “घाईत आहे”, तिसराही तेच. चौथा थांबतो.

“कुठलं चॅनल?”

“कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, काका.”

“मग नको,” म्हणून तो जातो. थोडं पुढं जाऊन वळून केस मात्र सारखे करतो.

पाचवे एक गृहस्थ सापडतात, ते सोडत नाहीत. दारांपासून सुरू करून ते गर्दीवर येतात, गर्दीवरून लोकसंख्येवर, तिथून परप्रांतीयांवर आणि तिथून हल्लीच्या मुलींवर. टिटवाळा माइक धरून मान हलवत राहते. साडेचार मिनिटांनी तिचा हात भरून येतो.

“यातलं काय वापरायचं, मॅम?” ते गेल्यावर ती विचारते.

“तूच सांग.”

ती चित्रण पुढं-मागं करून बघते. “दारांबद्दल ते फक्त पहिल्या सहा सेकंदांत बोललेत,” ती म्हणते. “आणि तिथं मागून रिक्षाचा हॉर्न आहे.”

पाऊण तासात अकरा नकार आणि दोन बाइट. दुसऱ्या बाइटमध्ये एक मुलगा म्हणतो, “हो.” एवढंच. बदलापूर मोबाइलची बॅटरी बघते. तिघीही वडापाव घेतो. टिटवाळ्याचा चेहरा पडलाय. “लोकांना बोलायचंच नसतं,” ती वडापावच्या कागदाला सांगते.

*

तीन वाजून पस्तीस मिनिटांची डाउन स्लो. दुपारच्या मानानं डबा भरलेला. पहिल्या पाळीवरून सुटलेल्या बायका आहेत. आम्हाला समोरासमोरच्या बाकांवर जागा मिळते, टिटवाळा चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धी हवेत. तिच्या शेजारच्या बाईनं मांडीवर ओढणी पसरून कापडी पिशवीतून मटार काढलेत. जानेवारीचे, टपोरे. सोलायला सुरुवात होते. दाणे डब्यात, सालं ओढणीत.

कळवा येण्याआधी टिटवाळा न विचारता दोन शेंगा उचलते. बाई तिच्याकडे बघते, मग पिशवीचं तोंड तिच्या बाजूला करते.

“कॉलेजला?”

“हो. मास मीडिया.”

“टीव्हीवर दिसणार?”

“नाही हो मावशी.” दोघी हसतात. “आज दिवसभर लोकांना प्रश्न विचारत होते. कुणी बोललंच नाही.”

“काय विचारत होतीस?”

टिटवाळा दारांबद्दल सांगते. माइक सॅकमध्ये आहे, सॅक वर रॅकवर. बाईचे हात थांबत नाहीत. बोट शेंगेच्या शिवणीवरून फिरतं, शेंग उघडते.

“बंद झाली तर जीव गुदमरेल,” ती म्हणते. “पंखे बघितलेस ना? आणि उघडी राहिली तर माझा मुलगा त्याच दारात असतो. सकाळची अंबरनाथ फास्ट, जेन्ट्सचा डबा.” दाणे डब्यात पडतात. “मग काय पाहिजे ते मी कसं सांगू? दोन्ही पाहिजे. हवा पण पाहिजे आणि दार पण.”

गाडी मुंब्र्याला थांबते. खिडकीतून डोंगर दिसतो. टिटवाळा एक शेंग हातात धरून थांबली आहे.

“तो पोचला की फोन करतो?”

“फोन कुठला करतोय! हापिसात फोन घ्यायला देत नाहीत. मी सव्वानऊला मिस्ड कॉल देते. तो कट करतो.” बाई शेंग सोलून दाखवावी तसं सोपं करून सांगते. “कट झाला की समजायचं, पोचला. नुसता वाजत राहिला की मग…” ती पुढचं बोलत नाही. “नुसता वाजत राहिला असा एकदाच. फोन घरी विसरला होता मेला.”

टिटवाळा माझ्याकडे बघते. तिच्या चेहऱ्यावर वही उघडली आहे. “मॅम, हा फीडबॅक झाला ना?”

झाला. पाठवलं ते पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळण्याची वाट म्हणजे फीडबॅक. तीही बिनपैशाची, बिनशब्दाची. शॅननच्याच १९४८ च्या लेखातून ‘बिट’ हा शब्द जगात पसरला. हो किंवा नाही, यांतलं एक सांगायला जेवढी माहिती लागते तेवढी एक बिट. कट म्हणजे हो. या बाईनं अख्खा दिवस त्या एका बिटवर उभा केलाय. शॅनननं अर्थ वगळला होता. इथं सगळा अर्थच त्या कटमध्ये आहे.

“त्याला काय म्हणतात म्हणालीस?” बाई विचारते.

“फीडबॅक.”

“आम्ही कट म्हणतो.”

दिवा जातं. टिटवाळ्याला आता आठवतं की तिनं काहीच टिपून घेतलेलं नाही. ती हात पुसते, मोबाइल काढते, पुन्हा ठेवते. “मावशी, हे मी लिहू का? कॉलेजच्या बातमीत?”

बाई पहिल्यांदा हात थांबवते. विचार करते. “लिही. नाव नको पण. आणि मुलाचं हापिस तर नकोच नको.” मग, “आणि तो मेला म्हणाले ते लिहू नकोस. तसं नाही लिहायचं.”

“नाही लिहिणार.”

मी गप्प बसते. हाच धडा सकाळी फळ्यावर लिहिता आला असता, ‘संमती’, ‘ओळख उघड न करणे’, खाली दोन रेघा. अंबरनाथनं विचारलं असतं, किती मार्कांना येतं.

कोपर. मी उठते. बाई लगेच माझ्या जागेकडे बघते. “डोंबिवली?”

“हो.”

“ताई, या,” ती दाराजवळ उभ्या असलेल्या एका पोरसवद्या मुलीला हाक मारते. माझी सीट देण्याचं काम तिनं परस्पर केलंय.

टिटवाळा खालून म्हणते, “मॅम, मावशी कल्याणला उतरतील. मला पुढं जायचंय. मटार तोवर संपतील.”

*

रात्री पावणेनऊ. फडके रोडवरून भाजी घेऊन घरी आले आहे. मोबाइलवर वर्गाचा ग्रुप उघडते. दिव्याची कॉपी आली आहे, सहा ओळी. पहिली ओळ: “दिव्याला चढणाऱ्याला सकाळी आत जागा मिळत नाही, म्हणून तो दारात उभा राहतो.” दुसऱ्या ओळीत ९ जून. तिसरीत ‘मृत्यू झाला’. ‘लोंबकळत’ नाही, ‘गमवावा’ नाही. ‘दुर्दैवी’ही नाही. खाली कळव्यानं एक अंगठा टाकलाय, त्याच्याकडून एवढं पुष्कळ. एका ठिकाणी विभक्ती चुकली आहे, ती मी उद्या सांगेन.

टिटवाळ्याची कॉपी मात्र आलेली नाही.

साडेनऊ होतात. ती सहाच्या आत घरी पोचली असणार, हे मला कळतं. तिथून क्लासला जाते, मग जेवण, मग लिहिणार. हेही कळतं. तरी हात फोनकडे जातो. ‘पोचलीस का’ असं टाइप करते आणि पुसते. तीन तासांनी विचारलेला प्रश्न वेडगळ दिसेल. मग तिचा नंबर लावते. एक रिंग, दुसरी रिंग, मीच ठेवते.

अर्ध्या मिनिटात तिचा फोन येतो.

“मॅम, कॉल केला होता? नेट स्लो आहे, कॉपी दहा मिनिटांत टाकते, प्रॉमिस. इंट्रोच जमत नाहीये. मावशींपासून सुरू करू की दारापासून?”

“मावशींपासून कर.”

“ओके. अजून काही?”

“नाही. मिस्ड कॉल दिला होता.”

पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. मग ती मोठ्यानं हसते. मागं तिची आई कुणाचा फोन म्हणून विचारते आहे, प्रेशर कुकरची शिट्टी होते, टीव्हीवर मालिका चालू आहे.

“अय्यो मॅम! मला कट करायचा होता ना? थांबा, थांबा. परत करा.”

फोन ठेवते. परत करते.

एक रिंग. कट.